रेषा दक्षिणेला, दावा उत्तरेला

उज्जैनला गेलेल्या माणसाला एक गोष्ट आवर्जून सांगितली जाते. पूर्वी कर्कवृत्त या नगरीवरून जात होते. पुढे ते सरकले. आता ते उत्तरेला डोंगला गावावरून जाते. १८१७ साली होळकर आणि इंग्रज जिथे भिडले, त्या महिदपूरच्या तालुक्यातले हे गाव. तिथे आता वेधशाळाही आहे. ऐकणारा मान डोलावतो. पृथ्वीचा कल बदलत असतो, हे त्याने कुठेतरी वाचलेले असते. कल बदलला, रेषा सरकली, हिशेब जुळला.

हिशेब जुळत नाही. रेषा सरकते हे खरे. पण ती दक्षिणेला सरकते, उत्तरेला नव्हे.

आज पृथ्वीच्या अक्षाचा कल २३ अंश २६ कला आहे (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, विकला म्हणजे कलेचा), आणि तोच कर्कवृत्ताचा अक्षांश. उज्जैन २३ अंश ११ कलांवर आहे. मधले अंतर १५ कलांचे, जमिनीवर सुमारे २८ किलोमीटर. हा कल दर शतकाला साधारण ४७ विकलांनी कमी होतो आहे. तो कमी होतो तसे कर्कवृत्त विषुववृत्ताच्या दिशेने खाली येते, वर्षाला सरासरी १४ मीटर. म्हणजे काळात जितके मागे जावे, तितकी रेषा वर सापडणार. आर्यभटाच्या काळी, इसवी सन ५०० च्या सुमारास, कल २३ अंश ३८ कला होता. तेव्हा रेषा डोंगल्याच्याही वीस-बावीस किलोमीटर उत्तरेला होती. त्याच्या पाचशे वर्षे आधी ती त्याहून वर. ज्या प्राचीन काळाचा दाखला देऊन ही गोष्ट सांगितली जाते, त्या काळी कर्कवृत्त उज्जैनपासून आजच्यापेक्षा दूर होते.

ते उज्जैनवर येईल, पण अजून सुमारे दोन हजार वर्षांनी. याआधी ते तिथे होते ते सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी. तेव्हा उत्तर अमेरिकेवर किलोमीटरांत मोजावा इतक्या जाडीचा बर्फ होता. समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. मुंबईच्या जागेवर उभे राहून समुद्र दिसलाही नसता. उज्जैन नावाचे गाव तेव्हा कुठून असणार?

गोष्ट पसरली त्याला कारण आहे. आपल्या ज्योतिषांनी परमक्रांती, म्हणजे हाच कल, २४ अंश धरली. सूर्यसिद्धान्तातली १३९७ ही ‘ज्या’ (साइन) त्याच २४ अंशांची. हा पूर्णांकात धरलेला, गणिताला सोयीचा आकडा. त्यात कालगणनेची मध्यरेखा उज्जैनवरून धरलेली. आणि डोळ्यांनी पाहिले तर फसायलाच होते. २१ जूनच्या माध्यान्ही उज्जैनला एक मीटर उंचीच्या शंकूची सावली साडेचार मिलिमीटरही भरत नाही. सूर्याचे बिंबच ३२ कला रुंद, त्यामुळे सावलीची कडही पुसट. पाहणाऱ्याला सावली नाहीशी झाली असेच वाटणार. पण खरी परीक्षा सोपी आहे. महाराष्ट्रात शून्य सावलीचा दिवस पाहायला मे महिन्यात मुले मैदानावर जमतात, आणि सूर्य परतताना तोच खेळ पुन्हा एकदा होतो. तेव्हा मात्र ढग असतात. उज्जैनलाही सूर्य दोनदा डोक्यावर येतो, जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि जूनच्या अखेरीस. गाव कर्कवृत्तावर असते तर तो एकदाच आला असता.

कल कमी होतो आहे, हे कळायला उपग्रह लागले नाहीत. नवव्या शतकात अल-बत्तानीने तो २३ अंश ३५ कला मोजला. पंधराव्या शतकात समरकंदच्या वेधशाळेत उलुग बेगला २३ अंश ३० कला १७ विकला मिळाला. १७२९ च्या सुमारास सवाई जयसिंगाचा आकडा २३ अंश २८ कला. आज २६. देश वेगळे, यंत्रे वेगळी, माणसे एकमेकांना न भेटलेली. आकडा मात्र उतरताच. त्याच जयसिंगाने उज्जैनला वेधशाळा बांधली. ती मोडकळीला आल्यावर माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये दुरुस्त करून घेतली. म्हणजे ‘रेषा उत्तरेला गेली’ ही गोष्ट ज्या शहरात सांगितली जाते, त्याच शहराच्या वेधशाळेचा कर्ता ती खोडून काढण्याइतका पुरावा तीनशे वर्षांपूर्वी मागे ठेवून गेला आहे. विचारायला कोणी जात नाही, एवढेच.

(एक पुस्ती जोडली पाहिजे. चंद्राच्या ओढीमुळे अक्ष थोडा डुलतो. त्यामुळे रेषा साडेअठरा वर्षांच्या फेऱ्यात दोन्हीकडे पावणेतीनशे मीटरपर्यंत झुलते. काही वर्षे ती उत्तरेला जातानाही दिसेल. १४ मीटर ही सरासरी आहे आणि सरासरीची दिशा दक्षिण. दहा वर्षांच्या नोंदींवरून निकाल देणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.)

उज्जैनच्या गोष्टीने कोणाचे नुकसान होत नाही. पण याच वळणाचे दुसरे एक वाक्य हल्ली दर उन्हाळ्यात कानावर येते, आणि ते इतके निरुपद्रवी नाही. विदर्भात पारा ४५ च्या पुढे गेला, अवकाळीने द्राक्षे झोडपली, की कोणीतरी शहाणपणाने म्हणतो: हवामान काय, नेहमीच बदलत आले आहे. पृथ्वीचा अक्षच कलतो आहे. त्याला माणूस काय करणार? बोलणारा अडाणी नसतो. बऱ्याचदा तो बाकीच्यांपेक्षा चार पुस्तके जास्त वाचलेला असतो. कल बदलतो हे त्याला ठाऊक असते. कोणत्या बाजूला आणि किती वेगाने, हे त्याने विचारलेले नसते.

कलाचा हवामानाशी संबंध नाही, असे कोणी म्हणू नये. संबंध आहे आणि तो मोठा आहे. साधारण ४१ हजार वर्षांच्या फेऱ्यात कल सुमारे २२.१ ते २४.५ अंशांच्या दरम्यान वर-खाली होतो. कल कमी असला की ध्रुवांकडच्या प्रदेशात उन्हाळ्यातला सूर्य फारसा वर चढत नाही. हिवाळ्यात पडलेले बर्फ उन्हाळ्यात पुरते वितळत नाही. उरलेल्यावर पुढच्या वर्षीचे पडते. पांढरी जमीन ऊन परतवते, गारवा वाढतो, आणखी बर्फ टिकते. हजारो वर्षे हे चालले की हिमयुग येते.

हे गणित तडीस नेले मिलुटिन मिलांकोविच या सर्बियन माणसाने. शिक्षणाने तो स्थापत्य अभियंता, काँक्रीटच्या बांधकामातला जाणकार. १९१४ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीने त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून पकडले. युद्धाची बाकीची वर्षे त्याने बुडापेस्टला नजरकैदेत, ग्रंथालयात आकडेमोड करत काढली. त्याच्या आधी स्कॉटलंडच्या जेम्स क्रोलने हाच प्रश्न हाती घेतला होता आणि कडक हिवाळ्यांना जबाबदार धरले होते. हवामान-विभागांमुळे भूगोलाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असलेल्या कोपेनने मिलांकोविचला सांगितले की हिवाळा सोडा, उन्हाळा पाहा. ध्रुवाकडे हिवाळ्यात बर्फ पडतेच. प्रश्न आहे तो उन्हाळ्यात किती उरते याचा. मिलांकोविचने ६५ अंश उत्तर अक्षांशावरच्या उन्हाळी उन्हाचा लाखो वर्षांचा हिशेब मांडला. त्याचा मोठा ग्रंथ बेलग्रेडच्या छापखान्यात असताना एप्रिल १९४१ मध्ये जर्मन बॉम्ब पडले. छापखाना गेला, छापलेले कागद बहुतांशी वाचले. जगाने मात्र ग्रंथावर विश्वास ठेवायला आणखी पस्तीस वर्षे घेतली. १९७६ मध्ये हेज, इंब्री आणि शॅकलटन यांनी हिंदी महासागराच्या दक्षिण भागातल्या तळाचा गाळ तपासला. साडेचार लाख वर्षांच्या त्या गाळात कलाचा फेरा ठसठशीत उमटला होता. मिलांकोविच १९५८ मध्येच वारला होता.

तेव्हा ‘अक्ष कलतो म्हणून हवामान बदलते’ हे विधान भक्कम पायावर उभे आहे. ते आजच्या उकाड्याला लावायचे, तर मात्र मघाचाच तपशील आडवा येतो. रेषा दक्षिणेला सरकते आहे. म्हणजे कल कमी होतो आहे. म्हणजे उत्तरेचे उन्हाळे मंद व्हायला हवेत. कल सर्वाधिक होता तो साधारण १० हजार ७०० वर्षांपूर्वी, सुमारे २४.२ अंश. तेव्हापासून तो उतरतो आहे आणि आणखी सुमारे १० हजार वर्षे उतरत राहणार. परांचनाचा, म्हणजे अक्ष भोवऱ्यासारखा गोल फिरण्याचा, फेराही सध्या त्याच बाजूला आहे. उत्तर गोलार्धात उन्हाळा असतो तेव्हा पृथ्वी सूर्यापासून जास्तीत जास्त लांब असते. दोघांची साक्ष एकच: थंडीकडे.

आणि थंडीकडेच चालले होते. उत्तर ध्रुवाभोवतालच्या सरोवरांतला गाळ, झाडांची कडी आणि बर्फाचे गाभे यांतून गेल्या दोन हजार वर्षांचे तपमान काढले गेले आहे. तिथले उन्हाळे हजार वर्षांना अंशाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास थंड होत होते. इतके संथ की कुठल्याही एका पिढीला जाणवले नसावे. विसाव्या शतकात ही उतरण थांबली आणि आलेख उलटा फिरला. कल तर उतरतोच आहे. त्याने दिशा बदललेली नाही.

अक्षाचे नाव घेणाऱ्याने हे उलटे फिरणे समजावून द्यायला हवे. साक्षीदार त्याने स्वतः बोलावला आहे आणि साक्षीदार विरुद्ध बाजूने बोलतो आहे.

वेगाचेही तसेच. १८५० पासून आजवर कल किती बदलला? सुमारे ८२ विकला, दीड कलेहून कमी. कर्कवृत्त या काळात अडीच किलोमीटर खाली आले. पुण्यात एका पेठेतून निघून शहराबाहेरही पडता येऊ नये, एवढे हे अंतर. त्याच काळात पृथ्वीचे सरासरी तपमान एक अंशाहून जास्त वाढले. शिवाय कलाला उष्णता निर्माण करता येत नाही. वर्षभरात साऱ्या पृथ्वीवर पडणारे ऊन कलामुळे वाढत नाही की घटत नाही. कल फक्त वाटणी बदलतो, या अक्षांशाकडून त्या अक्षांशाकडे, या ऋतूकडून त्या ऋतूकडे. ध्रुवावरही तापले, विषुववृत्तावरही तापले, जमीनही तापली आणि समुद्रही तापला, हे वाटणी बदलून होत नाही. त्याला एकूण जमेतच भर पडावी लागते. हवेतला कार्बन डायऑक्साइड हिमयुगांत दशलक्षात १८० भागांच्या आसपास असे, उबदार काळात २८० च्या. आज तो ४२० च्या पुढे आहे. हा आकडा कलाने वाढवलेला नाही. मिलांकोविचच्या फेऱ्यांना १८० वरून २८० वर जायला हजारो वर्षे लागत. पुढची १४० आपण दोनशे वर्षांत घातली.

२०२३ मध्ये याच गोंधळाची नवी आवृत्ती निघाली. भूजलाच्या उपशामुळे पृथ्वीचा अक्ष ८० सेंटिमीटरने कलला, अशी बातमी सगळीकडे झळकली. पाठोपाठ निष्कर्षही आला: बघा, अक्ष कलला म्हणून ऋतू बिघडले. मूळ अभ्यास वेगळेच सांगतो. १९९३ ते २०१० या काळात माणसाने जमिनीतून सुमारे २,१५० अब्ज टन पाणी उपसले. ते शेवटी समुद्रात गेले. वजन इकडून तिकडे गेल्यामुळे अक्ष भूपृष्ठाला ज्या ठिकाणी छेदतो ते ठिकाण ८० सेंटिमीटरच्या आसपास सरकले. उपशाचा सर्वाधिक परिणाम दिसला तो पश्चिम उत्तर अमेरिका आणि वायव्य भारत या भागांतल्या पाण्याचा. सूर्याच्या संदर्भातल्या कलाशी याचा संबंध नाही. असता तरी ८० सेंटिमीटर म्हणजे काय? कर्कवृत्त एवढे अंतर तीन आठवड्यांत कापते. आणि या प्रकरणात कारण कोण, परिणाम कोण, हेही पाहावे. पंजाब-हरियाणातल्या बोअरचा परिणाम अक्षावर झाला आहे. बातमी वाचणाऱ्याने बाण उलटा लावला आणि बोअरवाला निर्दोष सुटला.

एकच चूक तीनदा दिसली. उज्जैनच्या गोष्टीत उत्तर-दक्षिण उलटी. उकाड्याच्या वाक्यात थंडी-उष्णता उलटी. भूजलाच्या बातमीत कारण-परिणाम उलटे. तिन्हींत ‘बदल’ हा शब्द बरोबर आहे, म्हणूनच तिन्ही पचतात.

या विषयावर मराठी माणूस नेहमीच इतका ढिला नव्हता. १९०३ मध्ये लोकमान्य टिळकांनी ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ प्रसिद्ध केले. वेदकालीन लोकांचे मूळ घर ध्रुवाजवळ होते, हा त्यांचा सिद्धान्त टिकला नाही. पण हिमयुग केव्हा संपले या प्रश्नापाशी ते थांबले होते. क्रोलचा कक्षेवर आधारलेला हिशेब त्यांनी तपासला. अमेरिकी भूशास्त्रज्ञांनी काढलेला काळ त्याच्यासमोर ठेवला आणि दोन्ही एकत्र नांदू शकत नाहीत हे पाहून क्रोलचा काळ बाजूला सारला. ज्याला आपला सिद्धान्त पुढे रेटायचा होता, त्यालाही खगोलाचा आधार घेताना तारखा मागाव्याशा वाटल्या. आता तारखा कोणी मागत नाही. ‘नैसर्गिक फेरा’ म्हटले की काम भागते.

अर्थात हा युक्तिवाद हरला की गप्प बसत नाही. तो कूस बदलतो. कल थंडीकडे नेतो हे मान्य केले की लगेच पुढचे वाक्य येते: मग काळजी कसली? निसर्गच तोल सांभाळेल. कालपर्यंत उकाड्याचे कारण असलेला कल आज त्यावरचा उतारा होतो. माणसाने काही करण्याची गरज कालही नव्हती, आजही नाही. पुरावा बदलला, निष्कर्ष जागचा हलला नाही, यावरून तो निष्कर्ष पुराव्यातून निघालेला नव्हता हे उघड आहे.

उताऱ्याचाही हिशेब झालेला आहे. पॉट्सडॅमच्या गानोपोल्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये तो मांडला. पृथ्वीची कक्षा सध्या जवळजवळ वर्तुळाकार आहे. त्यामुळे कल उतरत असूनही उत्तरेचा उन्हाळा हिमयुग सुरू होण्याइतका मंद होत नाही. माणसाने कोळसा-तेल जाळले नसते तरी पुढचे हिमयुग ५० हजार वर्षे लांब होते. मध्यम प्रमाणात जाळले असे धरले तर ते एक लाख वर्षांवर जाते.